नेटवर्क सात, चॅनल अकराशे चार

शुभांगीताईंना राग येत नाही, असं आमच्या ऑफिसात सगळे म्हणायचे. मीही म्हणायचो. आमचा राग म्हणजे दोन शिव्या आणि एक कटिंग चहा, की संपला. ताई तो संपू देत नसत. बाजूला ठेवून द्यायच्या, आणि महिने गेले, वर्षं गेली, तरी वेळ आली की बरोबर तोच काढून समोर मांडायच्या. असं डूख धरणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. त्यांच्या यादीत मी स्वतःही होतो, म्हणून हे सगळं जरा जवळून पाहायला मिळालं.

मी भिकन. मूळचा नामपूरचा. नाशिकला द्वारका चौकाजवळ एका केबल नेटवर्कच्या कंट्रोल रूममध्ये बातम्यांच्या खाली धावणारी पट्टी लिहितो. नेटवर्कचं नाव धवल, आमच्या स्वतःच्या बातम्यांच्या चॅनलचं नाव धवल वार्ता, मालक भारतशेठ. कंट्रोल रूम म्हणजे स्पेअर पार्टच्या दुकानावरचा तिसरा मजला. तिथला एसी मशीनसाठी आहे, माणसांसाठी नाही, हे शेठ दर उन्हाळ्यात आठवणीने सांगतात.

ताई सहा वर्षांपूर्वी आल्या. काम रेकॉर्डिंगचं. आपल्या चॅनलवर काय लागलं ते तीन महिने जपून ठेवायचं असतं, कुणी तक्रार केली तर दाखवायला. त्यासाठी एक सॉफ्टवेअर असतं. चॅनल आत येतं तेव्हा त्याच्याबरोबर दोन नंबर येतात. एक, ते कुठल्या नेटवर्कमधून आलं त्याचा. दुसरा, त्याचा स्वतःचा. नाव आपण द्यायचं. ताई येण्याआधी ती नावं आमचा टेक्निशियन स्वराज द्यायचा, आणि ती यादी म्हणजे नुसता उकिरडा होता. "टेस्ट", "टेस्ट दोन", "नवीन टेस्ट", "शेठ साडू वास्तुशांत", आणि एकाचं नाव "बंद", जे रात्रंदिवस चालू असायचं.

पहिल्या दिवशी ताईंनी खुर्ची ओढली, केसांना चाप लावला आणि संध्याकाळपर्यंत दीडशे चॅनलांची नावं सरळ केली. मी म्हटलं, "ताई, एवढी मेहनत कशाला? उद्या कुणीतरी परत बदलणार."

"बदलू द्या की," त्या म्हणाल्या. "नाव माणसांसाठी असतं, भिकनभाऊ. मशीन नंबर बघतं. नाव पुसलं म्हणजे चॅनल गेलं, असं फक्त आपल्या ऑफिसात वाटतं."

मी हसलो. मला वाटलं, नवीन आहे, शहाणपणा करतेय.

त्यांचा स्वभाव मला कळला तो स्वराजच्या हेल्मेटमुळे. एकदा त्याने हेल्मेट ठेवायला ताईंचा डबा टेबलावरून उचलला आणि खाली, चपलांजवळ ठेवला. अन्नाचा डबा. ताईंनी तो उचलला, पदराने पुसला आणि जेवल्या. त्यानंतर आठ महिन्यांनी गणपतीत एका मंडळाने स्वराजचा सत्कार केला, शाल आणि नारळ, आणि ते आमच्या चॅनलवर दिसलं. बायकोला आणि सासूला दाखवायला त्याला ते रेकॉर्डिंग हवं होतं. ताई म्हणाल्या, "आहे ना. खालच्या रॅकमधल्या डिस्कवर आहे. नाव दिलं नाही अजून, नंबरावरून शोधा." खालचा रॅक जमिनीपासून वीतभर. पोट सावरत स्वराज तीन दिवस फरशीवर मांडी घालून शोधत होता. तिसऱ्या दिवशी ताईंनी आपला डबा आणला, त्याच्या शेजारी त्याच फरशीवर ठेवला आणि म्हणाल्या, "खाली बसून जरा त्रास होतो, नाही?"

स्वराजला कळायला मिनिट लागलं. कळलं तेव्हा त्याचे कान लाल झाले. मी तर खूश झालो होतो. दुसऱ्याचं नाक कापलं जातं तेव्हा आपल्याला मौजच वाटते.

आता आठ वर्षं मागे जातो, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

मखमलाबादला धोंडीराम नावाचा एक माळवं पिकवणारा शेतकरी. दीड एकरात पालक, मेथी, कोथिंबीर. त्याचा पालक पंचवटीच्या बाजारात नावाने विकला जायचा. बायका टोपलीपाशी येऊन विचारायच्या, "धोंडीरामचा आलाय का?" आमच्या बातमीदाराला तेव्हा गटाराच्या पाण्यावर पिकवलेल्या भाजीची बातमी करायची होती. तो नाल्याच्या कडेने गेला. तिथे एका मळ्यात नाल्यात पाईप टाकून खरोखरच ते पाणी दिलं जात होतं. त्याने चित्रण केलं. परत आल्यावर कळलं की तो मळा भारतशेठच्या साडूचा.

शेठ म्हणाले, "बातमी मस्त आहे, टाकायचीच. फक्त चेहरा दुसरा टाक."

दुसरा चेहरा तयारच होता. त्याच दिवशी धोंडीरामने त्या बातमीदाराला आपल्या विहिरीवर बसवून, चहा पाजून, पालेभाजी तीन पाण्यांत कशी धुवायची ते कॅमेऱ्यासमोर सांगितलं होतं. आवाज काढून टाकला, चेहरा ठेवला. पट्टी मी लिहिली. "गटाराच्या पाण्यावर पालक! मखमलाबादच्या धोंडीरामचा प्रताप." त्यातला प्रताप हा शब्द माझा. मी तेव्हा नवीन होतो, नामपूरहून येऊन वर्ष झालं होतं, आणि तो शब्द छान जमलाय असं मला वाटलं होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं.

तीन दिवस ती पट्टी धावली. चौथ्या दिवशी धोंडीराम ऑफिसात आला. सोबत बायको मालनबाई, दाराशी एक मुलगी. कापडी पिशवीत पालकाची जुडी. ती त्याने शेठच्या टेबलावर ठेवली आणि हात जोडले.

"शेठ, हे खाऊन बघा. माझ्या हिरीचं पानी हाय. गटार माझ्या रानापासनं कोसभर लांब हाय."

शेठ म्हणाले, "काका, आमच्या चॅनलवर असं काही लागलंच नाही."

"तीन दिस लागत व्हतं. समद्या गावानं बघितलं."

"मग रेकॉर्डिंग दाखवा ना. आमच्या मशीनमध्ये तर काहीच नाही."

नसणारच. त्याच दिवशी सकाळी स्वराजने धवल वार्ता नावाचं सगळं पुसलं होतं. धोंडीरामने इकडेतिकडे पाहिलं आणि त्याची नजर माझ्यावर थांबली. "हे सायब तर हितंच बसत्यात. सांगा ना सायब. लागलं व्हतं का नाय?"

मी स्क्रीनकडे पाहत टाईप करत राहिलो. टाईप करायला काहीही नव्हतं. मी नुसती बोटं आपटत होतो. शेठने दोन बोटांनी जुडी मागे सरकवली आणि म्हणाले, "हे गटाराचं घेऊन जा. टेबल ओलं होतंय." स्वराज हसला. म्हाताऱ्याने जुडी पिशवीत घातली आणि गेला.

त्यानंतर बाजारात त्याची टोपली कुणी उतरवून घेईना. महिनाभर तो रोज जुड्या घेऊन जायचा आणि रोज परत आणून म्हशीपुढे टाकायचा. मग त्याने पालेभाजी बंद केली आणि दीड एकरात झेंडू लावला. का लावला असं कुणी विचारलं तर म्हणायचा, "फुलं कुनी खात नाय."

दाराशी उभी होती ती त्याची मुलगी संजना. पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स करत होती, हातात फाईल होती. मी तिच्याकडे नीट पाहिलंही नाही. तिने मात्र सगळं पाहिलं होतं. टेबल, जुडी, माझी बोटं, आणि मागच्या काचेतून दिसणारं मशीन.

पुढल्या वर्षी तिचं लग्न झालं. नवरा अश्विन अंबडला कंपनीत. त्यांच्या घरात रीत अशी की सुनेचं नाव बदलायचं. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने अंगठीने त्यात नवं नाव लिहायचं. मैत्रिणी चिडल्या. शिकलेली पोरगी, नाव का बदलू देतेस? संजना म्हणाली, "लिहू द्या." अश्विनने तांदळात लिहिलं, शुभांगी. तिने ते वाचलं आणि, हे तिने मला स्वतः सांगितलं, तिच्या डोक्यात पहिला विचार आला की आता मला द्वारकेला कुणी ओळखणार नाही.

आणि ओळखलं नाही. शुभांगी अश्विन थेटे, राहणार सिडको, डिप्लोमा फर्स्ट क्लास. शेठने दहा मिनिटांत कामावर घेतलं. त्यांच्या घरी वहिनींचा टीव्ही बिघडला की ताईंना पाठवायचे, पाहुण्यांना सांगायचे, "शुभांगी मॅडम म्हणजे आमच्या घरातल्याच." ताई वहिनींच्या हातचा चहा घ्यायच्या, कप धुऊन ठेवायच्या. मी पाहायचो आणि म्हणायचो, काय गरीब स्वभाव आहे.

ताईंना हवं होतं ते एकच. आपल्या बापाची बातमी लागली होती याचा पुरावा. पहिली दोन वर्षं त्यांनी जुन्या डिस्क एकेक करून उघडल्या. धवल वार्ता नावाखाली खरोखरच काही उरलं नव्हतं. मग टेबलाखालच्या खोक्यात एक धूळ खाल्लेली डिस्क सापडली आणि तिच्यात एक फोल्डर, ज्याला नावच नव्हतं. नुसते आकडे. नेटवर्क सात, चॅनल अकराशे चार.

नेटवर्क सात म्हणजे नामपूर. आमच्या गावची छोटी केबल भारतशेठने घेतली, तेव्हा धवल वार्ता तिकडेही सुरू झालं. पण ते तिकडच्या नेटवर्कच्या नंबराने फिरून परत यायचं. मशीनला वाटलं, हे नवीनच चॅनल, आणि ते आपलं आपण रेकॉर्ड करत बसलं. कुणी नाव दिलं नाही म्हणून ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. शेठने सांगितलं धवल वार्ता पूस, स्वराजने धवल वार्ता पुसलं. नेटवर्क सात बिनधास्त चालूच होतं.

त्यात धोंडीरामची ती तीन दिवसांची बातमी होती. आणि बातमीत, म्हाताऱ्याच्या चेहऱ्याच्या आधी, नाल्यातला पाईप आणि, थांबवून पाहिलं तरच दिसेल असं, निळ्या दाराचं पंपघर होतं. ते पंपघर कुणाचं, हे मखमलाबादचं शेंबडं पोरही सांगेल.

ताईंनी ते घरी दाखवलं नाही. नवऱ्यालाही सांगितलं नाही. त्या फोल्डरला नाव दिलं, "नामपूर कांदा मार्केट", आणि यादीत सगळ्यात खाली ढकलून दिलं. असल्या नावाचं फोल्डर द्वारकेला कोण उघडणार?

मी उघडलं. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका दुपारी ताई जेवायला गेल्या होत्या आणि मी सहज यादी चाळत होतो. नामपूर कांदा मार्केट वाचून जीव हरखला. म्हटलं, मार्केटचा भोंगा ऐकू येईल, ट्रॅक्टरच्या रांगा दिसतील, एखादा ओळखीचा चेहरा दिसेल. आणि दिसलं काय, तर विहिरीवर बसलेला धोंडीराम आणि त्याच्या छातीवरून धावणारा माझा प्रताप. मी ते बंद करायला गेलो तर मागे ताई उभ्या.

"पट्टी तुम्हीच लिहिली ना, भिकनभाऊ?"

माझ्या तोंडून गावची बोली निघाली. घाबरलो की निघते. "ताई, माले माहीत नव्हतं... हाऊ तुमना कोन शे?"

"माझे आप्पा."

मग त्यांनी सगळं सांगितलं. आवाज चढला नाही. मी म्हटलं, "मग दाखवा ना शेठला आत्ताच. वाट कसली बघता?"

"आत्ता दाखवलं तर म्हणतील जुनं आहे, मशीनची चूक आहे, पोरगी खोटारडी आहे. मला त्यांना नुसतं चूक ठरवायचं नाही, भाऊ. मला त्यांना त्यांच्याच सहीने बुडवायचंय. त्यांना सवय आहे. ते परत कुणावर तरी असंच करतील, परत म्हणतील लागलंच नाही. त्या दिवशी दोन्ही एकदम." मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "तोवर तुम्ही गप्प. आणि तुम्हाला परत पट्टी लिहायला सांगतील, ती लिहायची. अडवायची नाही."

"आणि माझं काय?"

"तुमचा नंबर आहे माझ्याकडे. नंतर लागेल."

त्या दिवसापासून मी ताईंच्या समोर बसून नीट जेवलो नाही.

दोन वर्षं गेली. मग अंबडची भागीबाई आली. ती कामगारांसाठी पोळीभाजी केंद्र चालवायची. शेठच्या ओळखीच्या माणसाला तिची जागा हवी होती, आणि आमच्या चॅनलवर बातमी लागली की तिच्या भाजीत अळ्या सापडल्या. पट्टी मी लिहिली. हात थरथरला वगैरे खोटं सांगत नाही, सरळ लिहिली. अकरा दिवस बाईच्या केंद्रावर कुत्रं फिरकलं नाही. अकराव्या दिवशी ती ऑफिसात येऊन रडली, आणि शेठने तेच शब्द काढले. "आमच्याकडे असं काही लागलंच नाही. रेकॉर्डिंग दाखवा." तिच्यासमोर ताईंना म्हणाले, "शुभांगी मॅडम, दाखवा ह्यांना मशीन." ताईंनी धवल वार्ता उघडलं. रिकामं. सकाळीच त्यांनी शेठच्या हुकुमावरून स्वतःच्या हाताने पुसलं होतं.

भागीबाई जिना उतरत होती. ताई तिच्यामागे पाणी घेऊन गेल्या आणि तिच्या कानात एवढंच म्हणाल्या, "मावशी, कलेक्टर कचेरीत अर्ज द्या. त्यांच्याकडून लेखी मागा."

मी जिन्यात ताईंना गाठलं. म्हटलं, "ह्या बाईचा काय गुन्हा होता? तिला कशाला जळू दिलंत अकरा दिवस?"

"तिचं मी भरून काढीन," त्या म्हणाल्या. क्षणभर त्यांचा चेहरा उतरला होता. मग पुन्हा होता तसा झाला.

अर्ज गेला. शेठने लेटरहेडवर लिहून दिलं की अशी कोणतीही बातमी आमच्या चॅनलवर प्रसारित झालेली नाही, खाली सही आणि शिक्का. एवढ्यावर भागलं नाही. सुनावणीला ते ताईंनाच साक्षीला घेऊन गेले. मलाही नेलं, गर्दी दिसावी म्हणून. साहेबांसमोर शेठ म्हणाले, "रेकॉर्डिंग बघणाऱ्या मॅडमच आणल्यात. विचारा त्यांना."

साहेबांनी विचारलं. ताई उठल्या, लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "लागली होती, साहेब. ही बघा, नेटवर्क सातवरची. आणि आठ वर्षांपूर्वीची आणखी एक आहे, तीही बघा. तेव्हाही ह्यांनी हेच सांगितलं होतं."

मी शेठकडे बघत होतो. आधी ते हसले, मग स्वराजकडे वळले, पण स्वराज आलाच नव्हता. मग त्यांनी स्वतःच्या सहीच्या कागदाकडे पाहिलं आणि खिशातला रुमाल काढून उगाच चष्मा पुसला. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. चोराच्या उलट्या बोंबा आयुष्यभर ऐकल्या होत्या. चोर मुका झालेला पहिल्यांदाच पाहिला.

आदेश झाला की एका महिन्याच्या आत दोन्ही बातम्यांबद्दल त्याच चॅनलवर माफी दाखवा, नाहीतर चॅनल बंद. भागीबाईची माफी दुसऱ्याच दिवशी लागली, ताईंनी लावायलाच लावली. धोंडीरामच्या माफीसाठी शेठ ताईंच्या टेबलापाशी आले. सहा वर्षांत पहिल्यांदा ते उभे होते आणि ताई बसलेल्या.

"शुभांगी मॅडम, घरातल्या माणसानं असं करायचं? बोला, काय पाहिजे तुम्हाला?"

"माफी धोंडीरामच्या मळ्यात होईल. तुमच्या तोंडाने. तिथला पालक तुम्ही कॅमेऱ्यासमोर कच्चा खायचा. आणि महिन्याच्या शेवटच्या दिवशी."

"शेवटच्याच दिवशी का?"

"पालक यायला महिना लागतो."

शेठला वाटलं, ही बाई त्या म्हाताऱ्यासाठी एवढी का झटतेय? पण नाक दाबलं होतं, तोंड उघडावंच लागलं. हो म्हणाले.

माफीचा मजकूर मी लिहिला. ताईंनी त्यातले तीन शब्द खोडले: अनवधानाने, गैरसमजातून, दिलगीर. त्यांच्या जागी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, "मी खोटं बोललो."

आणि त्याच आठवड्यात त्या माहेरी गेल्या आणि बापाला म्हणाल्या, "आप्पा, एक वाफा पालक लावा ना. मला तुमच्या हातचा खायचाय." आठ वर्षं पालकाचं बी हातात न धरलेल्या माणसाने, पोरीला हवा म्हणून, झेंडूची एक ओळ उपटली आणि विहिरीजवळ वाफा केला. मालनबाई नंतर मला म्हणाल्या की महिनाभर तो माणूस सकाळी उठून आधी त्या वाफ्याशी जायचा.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी आम्ही मळ्यात गेलो. शेठ पांढऱ्या सफारीत, स्वराज कॅमेरा घेऊन, मी कागद धरून. धोंडीरामला ताईंनी आदल्या दिवशी एवढंच सांगितलं होतं की चॅनलवाले माफी मागायला येणार आहेत. तो धुतलेलं धोतर नेसून बांधावर उभा होता. दीड एकर झेंडू, आणि मधे तो एक हिरवा वाफा.

शेठने मजकूर वाचला. "मखमलाबादच्या धोंडीराम यांच्याबद्दल आम्ही दाखवलेली बातमी खोटी होती. नाल्याचं पाणी दुसऱ्या मळ्यात जात होतं. ती बातमी लागलीच नाही असं मी त्यांना सांगितलं. मी खोटं बोललो." शेवटच्या वाक्याला आवाज बसला. ताई म्हणाल्या, "परत. ऐकू आलं नाही." शेठ परत म्हणाले. ताईंनी तिसऱ्यांदा म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा शेजारच्या मळ्यातले लोकही कामं सोडून बांधावर आले होते.

मग पालक. ताईंनी वाफ्याकडे बोट केलं. शेठ सफारी सावरत वाकणार, तेवढ्यात धोंडीराम पुढे झाला. त्याने कोवळी पानं खुडली, विहिरीवर नेऊन एक पाणी, दोन पाणी, तीन पाण्यांत धुतली, आणि मालनबाईंकडून ताटली घेऊन त्यात मीठ टाकलं.

"घ्या शेठ. कच्चा हाय, मिठासंगं बरा लागंल."

"मीठ नको, आप्पा," ताई चिरक्या आवाजात म्हणाल्या.

"पाव्हना हाय, पोरी."

आप्पा हा शब्द शेठने ऐकला. पान तोंडाशी नेलेला हात तसाच राहिला. त्यांनी ताईंकडे पाहिलं, मग म्हाताऱ्याकडे, मग परत ताईंकडे.

"तू... तू कोण?"

"संजना धोंडीराम," ताई म्हणाल्या. "तुम्ही म्हणाला होतात ना, रेकॉर्डिंग दाखवा? दाखवलं. खा आता."

शेठने खाल्लं. पाच पानं, मिठासकट, सगळ्या बांधासमोर. स्वराज कॅमेऱ्याच्या मागे लपला होता. ताई एकेक घास मोजल्यासारख्या बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला आठ वर्षांचा उपास सुटताना दिसला. मला वाटलं, झालं. आता ह्या बाईला झोप लागेल.

शेठची गाडी गेली. बांधावरचे लोक धोंडीरामच्या पाठीवर थापा मारून गेले. म्हातारा ताटली हातात धरून वाफ्यापाशी बसला होता.

"संजे, हा पालक तू त्याच्यासाठी लावाया सांगितला व्हता व्हय?"

ताईंनी मान हलवली.

"मला वाटलं, तुला खायाचा हाय." त्याने वाफ्यातलं एक पान सरळ केलं. "ती फिल्लम, त्यात ते निळ्या दाराचं पंपघर दिसतंय म्हनं. लोकं म्हनत व्हती आत्ता. ती तुला कधी घावली?"

"चार वर्षं झाली, आप्पा."

"चार वर्सं तुझ्यापाशी व्हती?"

"तेव्हा दाखवून उपयोग नव्हता. शेठ सुटला असता. मला त्याला..."

"त्याला नाय गं. मला." म्हाताऱ्याचा आवाज अजिबात चढला नव्हता. ताईंचा तो आवाज कुणाकडून आलाय, ते मला तेव्हा कळलं. "मला दाखवायची. मी चार मानसांना दाखवली असती. बाजारात एका बाईला दाखवली असती. त्याला सुटू दिला असतास तरी चाललं असतं. मी चार वर्सं उगा झेंडू लावला."

ताई नुसत्या उभ्या होत्या, हात दोन्ही बाजूंना लोंबत. मला त्यांची दया आली, आणि रागही आला. आपलं देणं विसरलो होतो, म्हणून राग आला असेल.

धोंडीरामने विळा घेतला आणि उरलेला वाफा कापायला लागला. मूठ भरली की केळीच्या सोपाच्या वाळक्या पट्टीने बांधायचा. बारा जुड्या झाल्या. मालनबाईंना म्हणाला, "टोपली काढ. पंचवटीला जाऊन येतो." टोपली आठ वर्षं माळ्यावर होती, मालनबाईंनी झाडून आणली. त्याने जुड्या लावल्या, वर ओलं फडकं टाकलं.

मी पुढे झालो. म्हटलं, "बाबा, द्या, मी उचलून देतो."

त्याने माझ्याकडे पाहिलं.

"ऱ्हाऊ द्या, सायब," तो म्हणाला. "तुमी त्या दिशी खुर्चीत बसला व्हता."

मी मागे सरलो. ताईंनी माझा नंबर कधी लावला नाही, आणि आता लावायची गरजही नव्हती.

ताई मात्र हलल्या. त्या टोपलीपाशी गेल्या, दोन्ही हातांनी ती उचलून छातीशी धरली आणि बापासमोर उभ्या राहिल्या. "आप्पा," एवढंच म्हणाल्या. ओल्या फडक्याचं पाणी त्यांच्या साडीवर गळत होतं. धोंडीराम गुडघ्यावर हात ठेवून उठला, डोक्यावर चुंबळ ठेवली, आणि पोरीकडे न बघता मान थोडी खाली वाकवली.